दिवसा पाहायचा तारा

३ ऑक्टोबर १९६५, पुसद

नागपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं सरळ सांगून टाकलं — उपाय नाही! कांताच्या डोळ्यांचा पडदा कडेकडेनं मरत आलाय. रात्रीचं तिला लग्नाआधीपासूनच दिसत नव्हतं. आता दिवसाचंही बांगडीतून पाहावं तेवढंच दिसतं. "हेही किती टिकेल, सांगता येत नाही. दाखवायचं ते दाखवून घ्या."

येताना एस.टी.त तिला विचारलं, काय पाहायचंय सांग. वाटलं, ताजमहाल म्हणेल. तर म्हणाली, "चांदण्या. सारे म्हंतात, आभाळभर असतात. मी एकबी पाह्यली नाई जी."

बारा वर्षं संसार झाला आणि हे मला आज कळतंय! अख्ख्या पुसदचे चेहरे टिपणारा मी फोटोवाला. धन्य!

७ ऑक्टोबर

रामराव मास्तरांची पितळी दुर्बीण आणली. शाळेत विज्ञान शिकवतात, माझे जुने दोस्त. "ठेवून घे, धर्मपाल. चंद्रावरचे खड्डे दिसतात याच्यातून."

चंद्र तिला नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. तिला चांदणी हवी आहे. अंगणात किती वेळ तिचा डोळा नळीला लावून धरला. "अंधार हाये जी. निस्ता अंधार." मी चिडलो. नीट पाहा की, म्हणून ओरडलो. तिनं नळी सोडली आणि भिंत चाचपत घरात गेली.

काय माणूस आहे मी!

८ ऑक्टोबर

दुर्बीण परत केली. पण सकाळी दाढी करताना डोक्यात आलं — रात्री नाही, पण दिवसा तर तिला दिसतं ना! मग तारे कागदावर उतरवायचे. मोठा फोटो करायचा, भर दुपारी खिडकीशी बसवून तिच्या हातात द्यायचा. सावकाश, तुकड्यातुकड्यानं पाहील. म्हणजे दुर्बीण नको, लेन्स हवी. स्वतःवरच खूश झालो. चहा दोनदा प्यालो.

१७ ऑक्टोबर

रेडिओवर सांगितलं, शेपटीचा तारा येतोय. पहाटे, पूर्वेला. बाजारात सगळ्यांची तोंडं उतरलेली. "लढाई झाली, पावसानं दगा देला, आता हे!" सबंध पुसदात आनंद झाला असेल तर मला एकट्याला. चांदण्या ठिपक्याएवढ्या असतात, कांताला सापडायच्या नाहीत. हा मात्र कागदभर येईल. कांतालाही सांगून ठेवलं, शेपटीचा फोटो काढून देतो.

२१ ऑक्टोबर

नागपूर. माझ्या छोट्या जर्मन कॅमेऱ्याला कोणती लेन्स घ्यावी, ते दुकानदाराला विचारलं. म्हणाला, "तारा दूर, तर नळी लांब!" मलाही पटलं. सरळ हिशेब!

स्टुडिओतला मोठा लाकडी कॅमेरा देऊन बदल्यात लांब नळीची लेन्स घेतली. वऱ्हाडाचे ग्रुप फोटो आता बंद. लढाईपासून कमी उजेडात चालणारी तेज फिल्म मिळेना, पाचसहा फोटोंचा तुकडा होता तो त्यानं उपकार केल्यासारखा दिला. स्टुडिओतली फिल्म मंद, ती ताऱ्यांना चालायची नाही.

कांतानं लेन्स हातात घेऊन वजन पाहिलं. "कायले दिला तुमी तो कॅमेरा? तुमच्या बाबांचा होता ना."

२६ ऑक्टोबर

पहाटे नदीकाठी गेलो. तारा अजून क्षितिजाशीच, झाडांआड. म्हटलं, दुसऱ्या ताऱ्यांवर हात बसवून घेऊ. कॅमेऱ्याचा पडदा मिनिट-मिनिट उघडा ठेवला. तिपाई हलली नाही, वारा नव्हता.

दुपारी वापरलेली फिल्म कापून धुतली. तारे कुठले — शेवया! सगळ्या फोटोंत शेवया!

२७ ऑक्टोबर

रामरावांना दाखवलं. पोट धरधरून हसले. "अरे बापा, पृथ्वी फिरून राह्यली ना! नळी जितकी लांब, तितकी शेवई लांब." मग त्यांनी माझं तोंड पाहिलं. म्हणाले, तुझी कॅमेऱ्याबरोबर आलेली साधी लेन्सच लाव. पूर्ण उघड, वीस आकडे मोज, बंद कर. शेपटी एवढी मोठी आहे की लांब नळीत मावणारही नाही.

म्हणजे जे हवं होतं ते घरातच होतं. बाबांचा कॅमेरा फुकट गेला. फिल्म उरली आहे एका फोटोपुरती.

३० ऑक्टोबर

कांता चहा ओतत होती, कपाच्या बाहेर. "हात हालला," म्हणाली.

२ नोव्हेंबर

ढग. कालही ढग. दोन-चार दिवसांत चंद्र पहाटेपर्यंत राहू लागेल, मग शेपटी धुऊन निघेल. पावसाळ्यात हेच ढग कुठे मेले होते?

४ नोव्हेंबर

दिसला! पुलाच्या पलीकडे, आग्नेयेकडून वर चढलेला, कोणी खडूचं बोट ओढावं तसा पांढरा. पाहतच राहिलो. आणि वाईट वाटलं. एवढं मोठं आभाळात पडलंय, आणि तिला नाही.

साधी लेन्स लावली. पडदा उघडला. मनात आकडे मोजतोय, तेवढ्यात पाठीमागून टाळांचा आवाज. काकड्याची मंडळी देवळातून परत येत होती. पुढे आमचे शेजारी पुंडलिकराव, हातात गॅसबत्ती. भला माणूस. कांताला एस.टी.त चढायला हात देणारा. मी कशासाठी धडपडतोय ते त्यांना ठाऊक होतं. "अंधारात फोटो येते काय गा, धर्मपाल? वहिनीसाठी हाये ना? घे उजेड!" असं म्हणत धावत आले आणि बत्ती थेट लेन्ससमोर धरली.

मी किंचाळलो. काय काय बोललो, ते इथे लिहवत नाही. ते बत्ती तशीच धरून उभे होते. "मले वाटलं, उजेड लागते..." स्टुडिओत मीच तर त्यांना दर वेळी दिव्यासमोर बसवतो! त्यांचं काय चुकलं? तरी माझ्या तोंडून माफी निघाली नाही.

५ नोव्हेंबर, सकाळी

फिल्म धुतली. काळी ठिक्कर. तरी वेड्या आशेनं तिच्यावरून मोठा कागद छापला. काळ्या फिल्मचा कागद कोराच येतो, तसाच कोरा आला. पांढरा, कुठे डागसुद्धा नाही. नागपूरला तार केली होती, तेज फिल्म नाही म्हणून उत्तर आलं. संपलं.

कांताला खोटं सांगायचं नाही. कागद तिच्या हातात देऊन सांगेन, जमलं नाही.

५ नोव्हेंबर, दुपारी

खिडकीशी बसली होती. तोंडावर ऊन. कागद हातात दिला आणि शब्द जुळवत उभा राहिलो. तिनं तो उन्हात धरला. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सावकाश बोट फिरवलं. म्हणाली, "अवो, केवढी शेपटी हाये जी!"

मी म्हटलं, हो. खूप मोठी आहे.