बेलेतूसाठी एक कॉफीचं गाणं

हिदार महिन्याची १, सोमवार

बेलेतू आजही दुसऱ्या पेल्यावर उठली! सलग तिसरा दिवस. म्हणे चुलीवर मसूर ठेवलीय. वीस वर्षं आम्ही तिघी रोज एकेकीच्या घरी कॉफी पितो – माझ्या, तिच्या, अस्कालेचबाईंच्या. तिसरा पेला आशीर्वादाचा. तो टाकून उठणारीला काय म्हणावं? अस्कालेचबाईंनी नेहमीसारखं म्हटलं, "परदेशातली लेकरं सुखरूप घरी येवोत." आमेन मी एकटीनेच ठणकावून म्हटलं.

काल जोहान्सबर्गहून माझ्या लेकाचा, तमरातचा फोन नव्हता. दर रविवारी न चुकता करतो. दुकानात गर्दी असेल.

हिदार २

या आठवड्यात रेडिओवर रोज दुपारी कॉफीची गाणी! आपलं आवडतं गाणं कळवायचं, ते नावानिशी लावतात. पहिलं लागलं त्या नव्या पोराचं. ढोल फार, कॉफी नावाला. मग ते जुनं, कॉफी ओतताना मुलीचा हात थरथरतो ते. ते ऐकून मी दर वेळी रडते आणि दर वेळी ठरवते की गाणं बाष्कळ आहे.

माझं आवडतं वेगळंच – दोन पेल्यांवर पळणाऱ्या पाहुणीला टोमणे मारणारं. तमरातला सगळं पाठ आहे. जोहान्सबर्गच्या दुकानात तेच लावतो, गिऱ्हाइकं नाचतात म्हणे.

केला फोन रेडिओला! "दुसऱ्या पेल्यावर पळणाऱ्या बेलेतूसाठी, शेजारीण एतेनेशकडून." आता बघू कशी बसत नाही ती!

हिदार ३

गडबड झाली. अस्कालेचबाईंकडे बसलो होतो. नावं वाचताना रेडिओवाली खो खो हसली. गाणं सुरू झालं आणि पहिलं कडवं संपायच्या आत अस्कालेचबाईंनी रेडिओ बंद केला! "डोकं दुखतंय गं." बेलेतू शाल तोंडाला लावून परसात गेली. मी लाह्यांची टोपली धरून तशीच बसलेली.

अगं, थट्टा होती! तिच्या नवऱ्याच्या टकलावर मी गाणं रचलं होतं, ते तिनंच गल्लीभर गाऊन दाखवलं होतं. तेव्हा नाही लागलं, मग आत्ताच काय झालं?

हिदार ४

बेलेतू आली नाही.

हिदार ५

गेले तिच्याकडे, किलोभर कॉफीचे कच्चे दाणे आणि साखर घेऊन. म्हटलं, "चुकले बाई. हे बघ, कान धरते." तिने मला मिठी मारली आणि एवढी रडली की माझा खांदा भिजला. "तुझं काही चुकलं नाही, एतू. देवाशपथ नाही."

"मग रुसलीस कशाला?"

"तू नीट खात जा गं. जप स्वतःला."

जप?! धडधाकट आहे मी! घरी आले ती जास्तच गोंधळून. राग असता तर परवडलं असतं, तिच्या रागावरचं औषध मला ठाऊक आहे.

हिदार ७, रविवार

अस्कालेचबाई सकाळीच माझा फोन मागून घेऊन गेल्या – "आमचा बिघडलाय, दुपारी देते." दिला नाही. नेमका रविवारी! तमरातने केला असेल तर?

आज रेडिओवर निकाल होता, कुठलं गाणं पहिलं आलं त्याचा. लावायला गेले तर रेडिओत सेल नाहीत. काल होते! कोण काढणार? दिवसभर घरात कुणी ना कुणी होतंच. बायका इंजेराच्या भाकऱ्या घेऊन येतात, माझी भांडी घासतात, कोपऱ्यात कुजबुजतात. मी वळले की गप्प. "असंच गं," म्हणतात. एका गाण्यापायी एवढं? वाळीत टाकलंय म्हणावं तर जेवायला घालतायत!

हिदार ८

हट्टाने माझ्याकडे कॉफी केली. दोघी आल्या. दाणे भाजताना ते गाणं मीच म्हटलं, मोठ्यांदा, टाळ्या वाजवून. दोघी मान खाली घालून बसल्या. "आज तिसऱ्याशिवाय उठू देणार नाही," बेलेतूला बजावलं.

तिसरा ओतला. अस्कालेचबाईंनी आशीर्वाद दिला – पाऊस, पीक, गावाची शांती. लेकरांचं वाक्य गाळलं.

"विसरलात की!" म्हटलं.

"वय झालं गं."

मग मीच म्हटलं, "माझा तमरात सुखरूप घरी येवो." आमेन कुणी म्हणेना. बेलेतूने पेला तोंडाला लावला तो खाली घेईचना. मला भीती वाटली. कसली, ते कळलं नाही.

हिदार ९

बेलेतू आज माझ्याकडे झोपायला येतेय. घरात ढेकूण झालेत म्हणे.

हिदार १०, पहाट

अंगणात माणसं उभी आहेत. सगळ्यांच्या पांढऱ्या शाली, काठ मयताला घेतात तसे वर ओढलेले. पुढे माझा भाऊ देगू. दहा वर्षांत अदिस अबाबाहून आला नव्हता. अशी बातमी आम्ही पहाटेच सांगतो, नातलग जमल्यावर. तोवर त्या घरात कळू देत नाही. मी स्वतः कितीदा अशी कुणाच्या तरी अंगणात उभी राहिलेय.

बेलेतू दाराशी आहे, कडीवर हात. म्हटलं, थांब, एवढं लिहू दे. लिहून होईस्तोवर तमरात दुकानात आहे.