बाबांचं बिनशिक्क्याचं टेबल

स्वेनबोर, २ नोव्हेंबर

ती. गुड्रूनताईस,

धाकट्या आस्गरचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत, काइभावजींचा खोकला गेला का, हे विचारायचा हक्क मला उरलाय की नाही ठाऊक नाही (सत्तावीस वर्षं आपण फक्त नाताळच्या कार्डावर भेटतो, आणि तुमच्या कार्डावर सही भावजींची असते), तरी विचारतो. मी बरा आहे, म्हणजे डॉक्टरांना नवीन काही सापडलेलं नाही. माझ्या बिर्गिटच्या दफनाला तू आली होतीस, मागच्या बाकावर बसलीस आणि कॉफीच्या आधी निघून गेलीस, ते मी पाहिलं होतं. त्यानंतर घर रिकामं झालं आणि आता विकलंही. या महिन्याच्या तीस तारखेला म्हाताऱ्यांच्या वसाहतीत दीड खोलीत जायचंय. तिथल्या बाईंनी टेपने खोली मोजून सांगितलं, की एक पलंग, एक खुर्ची आणि एक कपाट मावेल. मी मावेन का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

म्हणून बाबांचं लिहायचं टेबल विकायला काढलं. तेच, ज्यावरून बाबांच्या दफनानंतर आपलं बिनसलं. हे एका नामांकित कारागिराच्या हातचं आहे, तेव्हा ज्याला त्याची कदर आहे त्याच्याकडेच (म्हणजे माझ्याकडे) राहावं, असं मी तेव्हा अर्धा तास समजावून सांगितलं होतं. तू एवढंच म्हणालीस, "राहू दे तुला." पुरावे माझ्याकडे दोन होते: लाकूड सागाचं होतं आणि बाबा तीस वर्षं फर्निचरच्या कारखान्यात होते. ते तिथे पॉलिशवर होते, करवतीला त्यांनी कधी हात लावला नाही, हे मी त्या अर्ध्या तासात बोललो नव्हतो.

आता नुसत्या माझ्या बोलण्यावर कोण विकत घेणार? शेजारचा प्रेबेन म्हणाला, मोठे कारागीर खालच्या बाजूला डाग देऊन शिक्का उमटवतात, तो बघ. म्हणून टॉर्च घेऊन टेबलाखाली उताणा झालो. शिक्का दिसला नाही, आणि उठायला गेलो तर कंबर धरली. मला बाहेर काढायला प्रेबेन आला, पण आलोच आहोत तर बघून घेऊ म्हणून तोही आडवा झाला आणि त्याचीही कंबर धरली. (तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा आहे, हे आडवं होताना दोघांच्याही लक्षात आलं नाही.) दुपारी त्याची बायको जेवायला बोलवायला आली. टेबलाखालून बाहेर आलेले चार पाय बघून ती म्हणाली, "शोधताय, की संपलात?"

शेवटी ओडेन्सेहून मेरेतेला बोलावलं. जुन्या सामानाची पारख करणं हाच तिचा धंदा. ती माझीच विद्यार्थिनी निघाली आणि सातवीत मी तिला गणितात नापास केलं होतं, हे तिनेच कोट काढता काढता सांगितलं. तिने खण बाहेर काढले, आतून हुंगले, स्क्रू तपासले, चारही पायांवरून बोटं फिरवली. मग म्हणाली, "मास्तर, लाकूड कारखान्याचं आहे, काम कारखान्याचं नाही. चार पाय चार वेगळ्या ओंडक्यांचे आहेत. हे उरलेल्या तुकड्यांचं आहे." तेवढ्यात एका खणाच्या तळाला तिला शिक्का दिसला. मी खुर्चीत बसून घेतलं. तिने बोटाने धूळ पुसली आणि वाचलं: 'खारवलेले हेरिंग, चाळीस किलो.' "शिक्का आहे, पण माशांचा," ती म्हणाली. खणाचा तळ मासळीच्या खोक्याचा होता.

"पॉलिश मात्र फार दिवसांत असं पाहिलं नाही. कुणी केलंय?"

मी म्हटलं, "बाबांनी."

"मग बाकीचंही त्यांनीच केलंय. हा सांधा बघा, तीनदा कापलाय. सुतार असता तर एकदाच कापला असता."

नामांकित हातचं असतं तर ऐंशी हजार क्रोनर आले असते म्हणे. हे नऊशेचं. तिची फी बाराशे होती, पण माझा चेहरा बघून तिने ती कॉफी आणि केकवर भागवली. सातवीतल्या मार्कांचा सूड घ्यायला आलेल्या मुलीने दया करावी, यापेक्षा वाईट दिवस मास्तराच्या वाट्याला येऊ नये.

असं सगळं आहे. भावजींना सांग, खोकल्यावर मध घ्यावा. तुझ्या गुडघ्यांना माझ्याकडे उपाय नाही.

तुझा,
आस्गर

ता. क. एक गोष्ट लिहायची राहिली. मधला खण काढल्यावर वरच्या फळीला आतून पेन्सिलीने बाबांच्या अक्षरात लिहिलेलं आहे: 'गुड्रूनला. परीक्षेच्या अभ्यासासाठी. १९५९.' मेरेतेने विचारलं, गुड्रून कोण? मी म्हटलं, कारखान्याच्या मालकाची बायको. फळ्यावर माझं गणित चुकलं की ती सातवीत जशी बघायची, तशीच बघत राहिली. मग नऊशे किंमत लिहिलेला कागद तिने फाडला आणि म्हणाली, "हे तुम्हाला विकता येणार नाही."

ता. क. २. 'राहिली' हे खोटं आहे. टेबल या घरात आणलं त्याच आठवड्यात मी ते वाचलं होतं. टॉर्च बिर्गिटने धरला होता. ती म्हणाली, आत्ता फोन कर. मी म्हटलं, रविवारी करतो. तुला ते लिहिलेलं आधीपासून ठाऊक होतं आणि तरीही तू 'राहू दे' म्हणालीस की काय, या भीतीने एकही रविवार उजाडला नाही.

ता. क. ३. त्या वर्षी आईने अंथरूण धरलं आणि तू शाळा सोडलीस. माझे डबे केलेस, माझे मोजे रफू केलेस. त्या टेबलाशी तू एक दिवस बसली नाहीस, मी नऊ वर्षं बसलो आणि मास्तर झालो. येत्या शनिवारी प्रेबेनच्या गाडीतून टेबल घेऊन येतोय. पाय फिरवले की निघतात, त्यामुळे तुझ्या स्वयंपाकघराच्या दारातून ते आत जाईल. मला आत घेतलं नाहीस तरी चालेल, पण कॉफी पायरीवर आणून दे. प्रेबेनला थंडी सोसत नाही.