जाऊबाईंची बाजू

३ फेब्रुवारी
मोजणीवाले आले. नव्या बंदराचा रस्ता आमच्या घरातून जाणार. अख्ख्यातून नाही — अर्ध्यातून! मधल्या भिंतीवर लाल खूण केली. पलीकडचं, म्हणजे मोठ्या भाऊजींचं आणि जाऊबाईंचं, जाणार. अलीकडचं आमचं राहणार. जाणाऱ्यांना टेकडीमागच्या वसाहतीत नवं घर. राहणाऱ्यांना रस्ता.

५ फेब्रुवारी
चर्चमध्ये सभा. फादर म्हणाले, बदलाला घाबरू नका. स्वतः बदली मागून बसलेत, ते कशाला घाबरतील? बाहेर आल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "तुमचं बरं आहे. घर सोडायला नको." आणि तोंड फिरवलं. हसू लपवायला, दुसरं काय.

११ फेब्रुवारी
यांना विचारलं, "आपलं का नाही घेतलं?" हे बोटीचं इंजिन उघडून बसलेले. मान वर न करता म्हणाले, "त्यांना लागतं तेवढं घेतात." माझं डोकंच फिरलं. बंदर झालं की किनारा बंद. मग बोटी कुठे लागणार, आणि हे दुरुस्त काय करणार — माझी शिलाई मशीन?

आतून सासूबाईंची हाक. कूस बदलायची होती. दोन वर्षं अंथरुणावर आहेत, आणि सगळं माझ्या वाट्याला. जाऊबाई सकाळी येऊन केस विंचरतात, की झाली त्यांची सेवा. आता तीही सुटेल.

२ मार्च
भाऊजींचं सामान टेम्पोत चढलं. जाऊबाई सासूबाईंच्या पायाशी बराच वेळ बसून होत्या. उठताना म्हणाल्या, "त्यांना उशी उजवीकडून लागते हं." मला शिकवतात! "ठाऊक आहे," म्हटलं. निघताना साधं पाणीही विचारलं नाही मी. नाहीच विचारलं.

९ मार्च
पाडलं. एका सकाळीत आटोपलं. मधली भिंत तेवढी ठेवली. जाऊबाईंच्या स्वयंपाकघराचा निळा रंग आता बाहेरून दिसतो. फळ्यांच्या खुणा, फोडणीचे डाग, झारा टांगायचा खिळा — सगळं येणाऱ्याजाणाऱ्यासमोर. बघवत नाही. आमच्या बाजूला भिंतीला भेग गेली, नेमकी सासूबाईंच्या उशाशी.

१६ मार्च, रविवार
मिस्सेची प्रार्थना आता वसाहतीच्या सभागृहात. इथल्या चर्चमध्ये महिन्यातून एकदा. वेदीची कापडं धुऊन, कडक इस्त्री करून नेली, तर फादर म्हणाले, "ती इथेच असू द्या. तिकडे नवी घेतलीत." लग्न होऊन आल्यापासून ती कापडं मी धुतेय. कपाटात ठेवली. बाक पुसले. कुणासाठी पुसले, देव जाणे.

४ एप्रिल
खडीचे ट्रक. दार लावा, खिडकी लावा, धूळ येतेच. सासूबाईंचा खोकला थांबत नाही.

११ एप्रिल
सासूबाई गेल्या.

१२ एप्रिल
दफन झालं. किती दिवसांनी चर्च भरलं. वसाहतीतली सगळी आली. धुतलेले कपडे, बिनधुळीच्या चपला. माझा तोल गेला. अंगणात सगळ्यांदेखत जाऊबाईंना म्हटलं, "धुळीने घेतला त्यांचा जीव. तुम्हाला काय, तुम्ही सुटलात."

 भाऊजींनी मला बाजूला बोलावलं. हळू बोलत होते. "रस्ता आधी तुमच्या अर्ध्यातून आखला होता. हिने मोजणीच्या ऑफिसात किती खेटे घातले. म्हणायची, आमची बाजू घ्या, म्हातारीला हलवली तर ती वाटेतच जाईल. ते हो म्हणाले, त्या दिवशी घरी येऊन रडली. तुला कळू द्यायचं नाही, अशी शपथ घातली होती मला."

मी मान डोलावली. दुसरं काय करणार होते?

वसाहतीतलं नवं घर म्हणजे खरं आमच्या वाट्याचं होतं. आणि सासूबाई गेल्याच. कुणावर चिडू आता? तेव्हापासून तेच शोधतेय, माणूस सापडत नाही.

१३ एप्रिल
जाऊबाई आज पुन्हा भेटायला आल्या, परत निघाल्या. मी म्हटलं, "आज राहा ना."
"कुठे?" म्हणाल्या.
खडीचा ट्रक गेला. त्यांच्या चुलीवरून.
"माझ्याकडे," म्हटलं.