ह्यांच्या शेजारची खुर्ची

आप्पा, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. थोड्या वेळानं माझं सिझर आहे. वार खाली सरकलीये, रक्त जास्त जाऊ शकतं, असं डॉक्टरीणबाई सांगून गेल्या. ह्यांनी सगळ्याला हो हो म्हटलं आणि बाहेर जाऊन रडून आले. मी इथं अमेरिकेत, एडिसन गावच्या हॉस्पिटलात, थोरली पोरगी घरी, खालच्या मजल्यावरच्या काकूंजवळ. मला काही झालं तर तिचं कसं, तेवढंच डोक्यात फिरतंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण विचारायला दुसरं कोणी सुचेना.

तुमचं मंडपाचं गोडाऊन आठवलं. दारामागं चिकटवलेला पेपरातला फोटो, आपल्या देशाच्या पहिल्या मंत्रिमंडळाचा. शाळा सुटल्यापासून मी तुमच्याबरोबर खुर्च्या पुसायला यायची. तुम्ही त्या फोटोकडं देवाकडं बघावं तसं बघायचात. "देशाचे नुकते दोन तुकडे झालेले," तुम्ही सांगायचात, "माणसं घरदार टाकून पळतायत, आणि पहिले पंतप्रधान खुर्च्या मांडतायत. नुसती आपली माणसं बसवली असती तर कोण विचारणार होतं? पण ज्यांनी पंतप्रधानांच्याच पक्षाला आयुष्यभर खडसावलं, त्यांना कायद्याचं खातं दिलं."

"मग भांडले नाहीत?"

"भांडले की. पण एका टेबलाला बसून."

तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. आता अंगावर काटा येतो. एक पोरगी कुणाच्या हवाली करायची ते मला ठरवता येईना, आणि त्यांच्या पदरात अख्खा देश. एवढी छाती कुठनं आणली असेल?

एका लग्नात एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन व्याह्यांच्या खुर्च्या मी लांब लांब ठेवल्या, तर तुम्ही माझ्यावरच चिडलात. "लांब बसवलं की ओरडून भांडतात गं. जवळ बसव, हळू बोलावं लागतं." मी आणि दादा भांडलो की घरीपण तेच, ताटाला ताट लावून जेवायला बसवायचात.

म्हणून आज पडल्या पडल्या मी पण मंत्रिमंडळ केलं. पोरीचं खाणंपिणं काकूंकडं, बाकी सगळं ह्यांच्याकडं, आई भारतातनं फोनवर. सगळी हो ला हो म्हणणारी. ह्यांना तोंडावर "तू चुकतोयस" म्हणणारा एकच माणूस आहे, दादा. लग्नाच्या वेळी ह्यांना म्हणाला होता, "हॉटेलात पोळ्या लाटतोस, माझ्या बहिणीला अमेरिका दाखवणार का लाटणं?" तेव्हापासून बोलणं बंद. पण आईच्या फोनवर भाचीचे फोटो रोज बघतो म्हणे.

काल काकूंनी विचारलं, "भावाला कळवलंस का?"

"तो बोलत नाही."

"मग तू बोल. आपला दिवस म्हणजे त्याची रात्र. झोपेत धड भांडतापण येणार नाही त्याला."

हसले मी. फोन हातात घेतला, पण लावला नाही. खरं सांगते आप्पा, माझा राग कधीच गेलाय. त्याचा आवाज ऐकला तर रडू फुटेल आणि आत जायचा धीर राहणार नाही, एवढीच भीती.

नर्स आली. हे पत्र तुम्हाला कुठं पाठवणार, उशाखाली ठेवते. ज्याला सापडेल त्यानं, माझं काहीही झालेलं असो, माझ्या दादाला फोन करा. नंबर माझ्या फोनात आहे, आईकडंपण आहे. त्याला सांगा, ह्यांच्या शेजारची खुर्ची मी त्याच्यासाठी ठेवलीये.