तुझा तो संधिवाताचा रिपोर्ट

जालना

प्रिय सोमेश्वर,

'प्रिय' लिहिलंय ते सवयीने. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी पत्र असंच सुरू करायला शिकवलं, समोरचा कसाही निघो.

तुझा निरोप मिळाला. तुझ्या आकांक्षाच्या सोयरिकीची बोलणी चालू आहेत, म्हणून पाहुण्यांपैकी कुणी माझ्या बोटांबद्दल विचारलं तर मी 'संधिवात' म्हणायचं आणि तुझा दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट दाखवायचा. वा रे डॉक्टर! जो कागद खोटा ठरला, तोच आता घराण्याची अब्रू राखणार.

हसनाबादच्या तुझ्या दवाखान्यात मी सुजलेली बोटं पुढे केली, तेव्हा तू माझा हात हातात घेतलाच नाहीस. रक्त काढायला लावलंस आणि कागद नाचवत म्हणालास, "मावशी, आरए फॅक्टर पॉझिटिव्ह. बराबर संधिवात." कोपराजवळ फिकट चट्टा आहे, चहाने भाजलं तरी कळत नाही, हे मी दोनदा सांगितलं. तू हसलास. "रिटायर झाल्यापासून तुला लई सुचून राह्यलं." मी स्टेरॉइड गिळत राहिले. सूज उतरली, करंगळी मात्र वाकली ती वाकलीच.

रोग ओळखला तो आमच्या गल्लीतल्या आशा सेविकेने, दुर्गाबाईने. दहावी नापास बाई. घरोघर तपासणीला आलेली. मला डोळे मिटायला लावून म्हणाली, "बाई, पेन कुठं टेकवलं ते बोट लावून दावा." मी तोऱ्यात म्हटलं, "आधी टेकव तरी!" डोळे उघडले, तर पेनाचं टोक चट्ट्यावरच होतं.

कुष्ठरोगात ही रक्ततपासणी अशी फसवी येऊ शकते, हे सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला पाच मिनिटांत समजावलं. तुझ्या पुस्तकांतही असेल. पान उलटायला तुला वेळ झाला नसेल.

औषध सुरू आहे. आता माझ्यापासून कुणाला धोका नाही. पण आधीचं काय? कॉलेजची तीन वर्षं आकांक्षा माझ्या घरी राहिली, गेल्या दिवाळीपर्यंत. म्हणून तपासायच्या माणसांच्या यादीत मी तिचं नाव घातलं. दुर्गाबाईने तुला फोन केला, तर तू सांगितलंस, "ती तिथं कधी राह्यलीच न्हाई."

माझी करंगळी मी तुला माफ केली असती, सोमेश्वर. हे वाक्य करणार नाही. पोरीचं अंग तपासायचं आणि रोग होऊ नये म्हणून एकदाच एक औषध द्यायचं, एवढंच काम आहे. बापाने स्वतः सांगावं म्हणून तुला गुरुवारपर्यंत वेळ देते. तिला घेऊन आला नाहीस, तर या पत्राची दुसरी प्रत आकांक्षाच्या नावाने पाकिटात घालून ठेवली आहे, ती पोस्टात टाकेन. तिला वाचता येतं. मीच शिकवलंय.

तुझीच, पण आकांक्षाची त्याहून जास्त,
उषामावशी