गालाची बातमी

वाघोली, ३ फेब्रुवारी २०२५

ती. आजीस, सा. न.

फोनवर तू हूं-हां करून ठेवून देतेस, म्हणून लिहिते आहे. काल प्रज्ञेशची आई, कांताबाई, आपल्या घरी पहिल्यांदाच आल्या. निघताना त्यांनी मायेने तुझ्या गालाला हात लावला. तू किंचाळून तो झटकलास आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलंस. त्या तशाच चपला घालून गेल्या.

ते बौद्ध आहेत हे मी आधीच सांगितलं होतं, तेव्हा तू नुसती मान हलवलीस. त्या मानेचा अर्थ आता कळला. मे महिन्यात प्रज्ञेश आणि मी रजिस्टर लग्न करतो आहोत. तू नाही आलीस तर बरं.

प्रकृतीस जप.
राजनंदिनी

कोथरूड, ७ फेब्रुवारी

चि. राजनंदिनीस आशीर्वाद. तू मागितले नाहीस, पण पडून राहतील.

पत्र पोचलं. अक्षर चांगलं आहे, अक्कल तेवढी नाही. चौथी शिकलेली बाई लिहिते आहे, तेव्हा काना-मात्रा सांभाळून घे.

हूं-हां करते, कारण तोंड उघडलं की डाव्या गालात विजेचा झटका बसतो. कानापुढून निघतो आणि जबड्यात जातो. दोन आकडे मोजेपर्यंत जीव जातो, आणि मग काहीच नाही, जणू मी नाटकच केलं. तोंड धुताना होतं, घास चावताना होतं, पंख्याचा वारा लागला तरी होतं. दिवाळीपासून चाललंय. तुझ्याच धंद्यातल्या त्या नाक्यावरच्या डॉक्टराने दोन दाढा उपटल्या. दोन्ही धडधाकट. मी ट्रेमध्ये पाहिल्या ना. आता तिसरी पुढच्या शुक्रवारी काढतो म्हणतो. त्याला बहुतेक माळ ओवायची आहे.

तुझा बाप दिगंबर सगळ्यांना सांगत सुटलाय, आई हल्ली शांत झाली. सूनबाई म्हणते, घर कसं निवांत वाटतं. त्यांच्या सुखात विष कशाला कालवू म्हणून गप्प राहिले. बोलता येत नव्हतं, तो भाग वेगळा.

कांताबाईंचा हात नेमका त्या जागी पडला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं म्हणून आत गेले. पाहुण्यांसमोर रडायची मला सवय नाही. घरच्यांसमोरही नाही.

चार वर्षं दातांची डॉक्टरी शिकतेस. म्हातारीने गाल मागे घेतला तर तुला आधी जात आठवली, दुखणं नाही. शाबास. तुझ्या मास्तरांना माझा नमस्कार सांग.

लोभ ठेवायचा की नाही, ते तुझं तू ठरव.
मालनआजी

वाघोली, ११ फेब्रुवारी

तीर्थरूप आजीस, शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

शुक्रवारी दाढ काढू देऊ नकोस. बाबांना फोन केला आहे, ते तुला नसांच्या डॉक्टरांकडे नेतील.

दुखणं दाढेत नाहीच. चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला एक मोठी नस असते. स्पर्श, वेदना, थंड-गरम हे सगळं ती मेंदूला कळवते. तिला तीन फांद्या असतात. एक कपाळाची, दुसरी गालाची आणि वरच्या दातांची, तिसरी खालच्या जबड्याची. कवटीच्या आत, कानाच्या जरा पुढे, तिन्ही एका गाठीत मिळतात आणि तिथून एकच दोर मेंदूच्या देठाशी जातो. पुढे बातमी बाजू बदलते, डाव्या गालाचं मेंदूच्या उजव्या भागाला कळतं. देठाजवळ एखादी रक्तवाहिनी या नसेला टेकून धडधडत राहिली की नसेवरचं आवरण झिजतं. मग बोट लागलं तरी वरती वीज पडल्याची बातमी पोचते. दाढांची खबरही याच नसेतून जाते, म्हणून आळ त्यांच्यावर येतो. या प्रश्नाला मला परीक्षेत दहापैकी नऊ मिळाले होते.

आजी, माझं चुकलं. आशीर्वाद दे. पण कांताबाईंना काय सांगू? त्यांना वाटेल, नातीने पुस्तकातून सबब शोधली. त्या दिवसापासून त्या या लग्नाबद्दल बोलतच नाहीत, असं प्रज्ञेश सांगतो.

तुझी,
राजनंदिनी

कोथरूड, २४ फेब्रुवारी

चि. राजनंदिनीस अनेक आशीर्वाद, या वेळी मागितल्याबद्दल.

दाढ वाचली. डॉक्टराने मला बोगद्यासारख्या यंत्रात घालून खडखडाट ऐकवला आणि तू लिहिलंस तेच सांगितलं. प्लास्टिकच्या अर्ध्या डोक्यावर पिवळी शीर दाखवली. एवढीशी सुतळी, आणि तिच्यापायी दोन दाढा. गोळ्यांनी झोप येते, चालताना भिंत धरावी लागते, पण झटके कमी झालेत.

कांताबाईंना तू काही सांगू नकोस. तुझं सांगणं मी वाचलं आहे. काल दिगंबरला गाडी काढायला लावून मांजरी गावाला त्यांच्या घरी गेले. तो गाडीतच बसून राहिला. शूर माणूस.

डॉक्टरची फाइल पुढे ठेवली. मुख्याध्यापिका होत्या त्या, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली. म्हणाल्या, शीर पटली. पण शीर धड असती तर मी काय केलं असतं, ते त्यांना ऐकायचं होतं. झटकलेले हात त्यांनी लहानपणापासून पाहिलेत, तेव्हा माझ्याबद्दल जे वाटलं त्याची माफी त्या मागणार नव्हत्या.

बोलवलं नाही तर लिहायला म्हणून पिशवीत वही होती. पण असलं लिहून देणं म्हणजे पळ काढणं. तोंडाने सांगितलं. आमच्याकडे धुण्याला येणाऱ्या बाईचा कप मी पंधरा वर्षं खिडकीत वेगळा ठेवला. सासूने सांगितलं नव्हतं, माझा मीच ठेवला. तिने काम सोडलं म्हणून ते थांबलं, मी सुधारले म्हणून नव्हे. आणि शीर धड असती तर तुमचा हात झटकला नसता, पण तुम्ही गेल्यावर गाल पुसला असता की नाही, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

एवढं बोलताना तीनदा वीज पडली. प्रत्येक वेळी थांबले आणि वाक्य जिथे तुटलं तिथून पुन्हा धरलं.

कांताबाई एकदाही ‘असू द्या’ म्हणाल्या नाहीत. माझं संपेपर्यंत सगळं ऐकून घेतलं. बऱ्याच वर्षांनी कोणाबद्दल आदर वाटला. सवय नसल्यामुळे जड गेलं.

निघताना त्यांनी विचारलं, मला सही करता येते का. येते म्हटलं. मग म्हणाल्या, मे महिन्यात रजिस्ट्रारपुढे त्यांच्या मुलाच्या बाजूने साक्षीदार म्हणून मीच सही करायची, आणि ती करताना आतून काय वाटतं ते नंतर येऊन सांगायचं. खरं तेच.

तेव्हा लग्नाला मी येते आहे, मुलाकडची म्हणून. मुलीकडून मला अजून बोलावणं नाही.

इकडे लोभ आहे. तिकडचं कळव.
मालनआजी