रंग आला का?

९ मार्च
पहिला रंग चांगला निघाला! तरी भागवतला धाप का लागते, ते कुणी सांगत नाही.

राधिका – सून – पुण्याच्या दवाखान्यातून बोलत होती. मानेच्या शिरेतून तार घालून त्याच्या हृदयाचे तांदळाएवढे तुकडे काढले. त्याच्या कसं म्हणू? दुसऱ्या कुणाचं हृदय, दोन वर्षं झाली, माझ्या लेकरात चालतंय. तुकड्यांचे पातळ काप करून निळा-गुलाबी रंग दिला. सूज दिसली नाही. आता दुसरा रंग देणार. रक्तच त्या हृदयावर उठलं असेल, तर बारीक रक्तवाहिन्या तपकिरी दिसतात म्हणे.

१० मार्च
राधिकानं फोनवर धाडलेलं पुन्हा वाचलं, डिक्शनरी घेऊन. शाळा चौथीपर्यंत. हे गेल्यावर वाचायला लागले ते सुटलं नाही. मला समजलं ते असं – तपकिरी आलं, तर शरीर हृदयाला नाकारतंय. जमलेली सोयरीक मोडावी तसं.

ह्यांना गाव म्हणायचं, व्यंकटरावांचं काळीज मोठं. डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालंय. मला वाटलं, तारीफच करतायत! कशानं मोठं झालं, ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

११ मार्च
अंगणात हळकुंडं घासायचा ड्रम फिरतोय. घरात बोललेलं ऐकू येत नाही. धाकटे दीर, संपतभाऊजी, तिथंच असतात. त्यांना एवढंच सांगितलंय – पुण्याहून दुसऱ्या रंगाचं कळायचंय.

येणारा-जाणारा हळकुंड मोडतो अन् विचारतो, "रंग आला का?" माझ्या तोंडून निघून गेलं, "न येवो!"

शेजारची बनाबाई दचकली. "अवो, जिभेला काही हाड! घरची हळद, अन् रंग न्हाई यावा म्हणता?"



१२ मार्च
फोन नाही. दोनदा मीच उचलून पाहिला, चालू आहे का म्हणून.

१३ मार्च
फोन ओसरीवर चार्जिंगला होता. मी गोठ्यात. भाऊजी पळत आले, अंगभर पिवळे. मी तोंड उघडायच्या आत गुळाचा खडा कोंबला.

"वहिनी, रंग आला! राधिकाचा फोन होता. बराबर आला म्हणली!"

बाहेर बनाबाई ओरडली, "पाहा, म्हणलं नव्हतं!"

भाऊजी हसत होते. "पोरगी रडून काहून राहिली, ते न्हाई समजलं. आनंदानं असंल."

गूळ गिळेना. थुंकवेना.

मी फोन लावला. "व्हय आत्याबाई. तपकिरीच हाय. समदीकडं."

भाऊजींना सांगितलं. त्यांनी जाऊन ड्रम बंद केला. किती शांत झालं अंगण!

१४ मार्च
भाऊजी घरात पाय ठेवत नाहीत. बाहेर पोत्यांवर बसून आहेत. चहाही तसाच.

१५ मार्च
भागवतचा फोन. आवाज बारीक. हृदयावर उठलेलं रक्तातलं पाणी बदलायचं मशीन कालपासून सुरू झालंय.

"आई, काकावर रागावू नको. त्यो बराबरच बोलला. रंग न्हाई आला असता, तर डॉक्टर चाचपडतच राहिले असते. बाबांच्या वेळेला राहिले तसे."

बाहेर गेले. भाऊजींच्या हातावर गूळ ठेवला.